इंटरनॅशनल हॉटेल, ८४८ कार्नी स्ट्रीट

सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन बघायला आलेले पाहुणे बहुतेक वेळा बुश स्ट्रीटवरच्या हिरव्या कौलांच्या कमानीतून आत शिरतात, ग्रँट अव्हेन्यूवर फोटो काढतात, डिमसम खातात आणि परत फिरतात. आमच्याकडे भारतातून कोणी आलं की मीही आधी हेच दाखवते. मग त्यांचे पाय दुखत नसतील तर उतारावरून खाली, कार्नी स्ट्रीटवर घेऊन जाते. कार्नी आणि जॅक्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक मोठी, तशी अलीकडचीच इमारत आहे. वर कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी भाड्याची घरं आणि तळमजल्यावर ‘इंटरनॅशनल हॉटेल मनिलाटाउन सेंटर’ नावाचं छोटं सांस्कृतिक केंद्र. पाहुण्यांची नजर पलीकडे डोकावणाऱ्या ट्रान्सअमेरिका पिरॅमिडच्या टोकाकडे जाते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ४८ मजल्यांचा तो मनोरा १९७२मध्ये उभा राहिला. त्याच सुमारास या कोपऱ्यावरची जुनी इमारत पाडायची तयारी चालली होती, आणि दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं. डाउनटाउनला पसरायला जागा हवी होती.

इंटरनॅशनल हॉटेल नावानं हॉटेल असलं, तरी पर्यटकांसाठी कधीच नव्हतं, निदान विसाव्या शतकात तरी नाही. मूळचं हॉटेल १८५४चं, सोन्यामागे धावत आलेल्यांच्या काळातलं. १८७३मध्ये ते कार्नीवर आलं. १८ एप्रिल १९०६चा भूकंप आणि त्यामागोमाग लागलेली आग यांत ते गेलं आणि १९०७मध्ये त्याच जागी विटांची तीन मजली इमारत पुन्हा उभी राहिली. त्या भूकंपानंतर अख्खं चायनाटाउनच तिथून उठवावं, शहराच्या दक्षिण टोकाला हंटर्स पॉइंटकडे न्यावं, असा शहरातल्या बड्या लोकांचा बेत होता. चिनी व्यापारी हलले नाहीत. त्यांनी घाईघाईनं दुकानं पुन्हा उभारली आणि त्यांना कौलारू, वळणदार छपरं दिली, म्हणजे बघायला लोक येतील आणि पुन्हा उठवायला कोणी धजणार नाही. पर्यटक आज ज्या छपरांचे फोटो काढतात, ती छपरं मुळात जागा राखण्यासाठी चढवलेली आहेत. या वस्तीचा इतिहास वाचायचा तर ही एवढी गोष्ट आधी माहीत हवी.

१९२०-३०च्या दशकांत कार्नी स्ट्रीटवर फिलिपिनो माणसं राहायला येऊ लागली. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथल्या तरुणांना अमेरिकेत यायला मज्जाव नव्हता. नागरिकत्व मात्र मिळत नव्हतं. चिनी मजुरांचं येणं १८८२च्या कायद्यानं थांबलं होतं, जपान्यांचं १९२४मध्ये थांबलं, आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांना तर माणसं हवीच होती. मग स्टॉकटनला शतावरी कापायला, सलीनासला लेट्यूस काढायला, उन्हाळ्यात अलास्काच्या कारखान्यांत सामन मासा डबाबंद करायला ही पोरं गेली. वय अठरा, वीस, बावीस. हंगाम संपला की सगळे कार्नीवर परतायचे. चायनाटाउनच्या कडेकडेनं दहाएक चौकांची त्यांची वस्ती झाली. तिला मनिलाटाउन म्हणत. तिथे न्हाव्याची दुकानं होती, बिलियर्डचे अड्डे होते, भात आणि माशाची आमटी मिळणाऱ्या खानावळी होत्या, आणि राहायला इंटरनॅशनलसारखी हॉटेलं होती.

ही माणसं एकटी राहिली, ती त्यांना एकटं राहायचं होतं म्हणून नव्हे. १९३०च्या सुमारास कॅलिफोर्नियात चौदा फिलिपिनो पुरुषांमागे एक फिलिपिनो स्त्री होती. गोऱ्या बाईशी लग्न करावं तर तेही बंद. १९३३मध्ये एका फिलिपिनोनं कोर्टात जाऊन तो हक्क मिळवला, तेव्हा राज्यानं त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून ती वाटही बुजवली. ती बंदी कोर्टानं उठवली १९४८मध्ये. त्याआधी जानेवारी १९३०मध्ये वॉटसनव्हिल गावात गोऱ्या बायकांबरोबर नाचतात या रागातून फिलिपिनोंवर अनेक दिवस हल्ले झाले आणि फर्मिन तोबेरा नावाचा बावीस वर्षांचा शेतमजूर गोळी लागून मेला. १९३४ साली कायदा आला आणि फिलिपाइन्समधून वर्षाला फक्त पन्नास माणसांना यायची मुभा राहिली. आधी आलेले अडकले. परत जायला पैसे नव्हते. गेलंच तर इतक्या वर्षांत काय कमावलं हे दाखवायला हाताशी काही नव्हतं. बायको नाही, मुलं नाहीत, जमीन घेता येत नाही. अशी चाळीस वर्षं गेली आणि ती पोरं म्हातारी झाली. वस्तीतली तरुण मुलं त्यांना ‘मनाँग’ म्हणत, आपण दादा म्हणतो तसं.

माझे चुलत आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगार, सगळे एकाच गावचे. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या जागेवर आडवी व्हायची. माळ्यावर ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या, जेवण खानावळीत. म्हणून मनाँगांच्या खोल्यांबद्दल वाचताना मला पुष्कळ काही ओळखीचं वाटलं. फरक एकच होता आणि तो मोठा होता. माझे आजोबा गणपतीला आणि शिमग्याला कोकणात घरी जायचे. तिथे आजी होती, दारात माड होते, म्हातारपणी टेकायला जागा होती. मुंबईची खोली सुटली तरी घर सुटत नव्हतं. मनाँगांना मागे असं काहीच नव्हतं. हॉटेलातली आठ बाय दहा फुटांची खोली हेच त्यांचं घर होतं आणि शेजारच्या खोलीतला माणूस हेच कुटुंब.

त्या खोल्यांचे बरेच फोटो आहेत. लोखंडी पलंग, भिंतीला बेसिन, खिडकीपाशी एक टेबल. टेबलावर विजेची शेगडी आणि भाताचं भांडं. भिंतीवर कॅलेंडर, त्याच्या शेजारी एखादा फार जुना फोटो, बहुतेक आईवडिलांचा. आणि खिळ्याला टांगलेला कडक इस्त्रीचा सूट. या सुटांविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. दिवसभर चिखलात वाकून काम करणारे हे मजूर शनिवारी संध्याकाळी उत्तम शिवलेला सूट आणि लखलखीत बूट घालून नाचघरात जायचे, एका नाचाचे दहा सेंट मोजून. लोक म्हणायचे, उधळे आहेत. मला ते उधळेपण वाटत नाही. सहा दिवस ज्याला सगळे ‘बॉय’ म्हणून हाक मारतात, त्यानं सातव्या दिवशी स्वतःला नीट कपडे घालून आरशात बघणं ही चैन नव्हे.

संडास-बाथरूम मजल्यावर सामाईक, स्वयंपाकघरही सामाईक. भाडं महिना पन्नास डॉलरच्या आसपास. एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही की कोणी ना कोणी दार ठोठावायचं. तळघरात १९५०-६०च्या दशकांत ‘हंग्री आय’ नावाचा प्रसिद्ध नाइटक्लब होता. बार्ब्रा स्ट्रायसँड उमेदवारीच्या काळात तिथे गायली आहे. वरच्या खोल्यांत फिलिपिनोंबरोबर चिनी म्हातारेही राहत होते. त्यांचीही कहाणी फार वेगळी नव्हती. चिनी बायकांना इथे येऊ न देणाऱ्या कायद्यांनी चायनाटाउनमध्येही एकट्या पुरुषांची एक पिढी तयार केली होती.

१९६८च्या शरद ऋतूत भाडेकरूंना खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा आल्या. मालक होती ‘मिल्टन मायर’ ही कंपनी, तिचा प्रमुख वॉल्टर शोरेनस्टाइन, शहरातल्या सर्वांत मोठ्या जमीनमालकांपैकी एक. इमारत पाडून तिथे गाड्यांचा पार्किंग लॉट करायचा होता. पार्किंग लॉट! मोटारींसाठी जागा हवी म्हणून सत्तरीच्या माणसांनी निघायचं. भाडेकरूंनी निदर्शनं केली आणि मालक भाडेकराराच्या बोलणीला तयार झाला. करार होण्याच्या बेतात असताना १६ मार्च १९६९ला इमारतीत आग लागली आणि तीन भाडेकरू गेले. आग लागली की लावली, हा प्रश्न रहिवाशांच्या मनातून कधीच गेला नाही. तरीही ते हटले नाहीत आणि त्याच वर्षी तीन वर्षांचा करार पदरात पाडून घेतला.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडत होती. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेज आणि बर्कली इथले विद्यार्थी संपावर होते. आमचा, आमच्या आईबापांचा इतिहास अभ्यासक्रमात का नाही, असं ते विचारत होते. त्यातली फिलिपिनो, चिनी, जपानी मुलं कार्नीवर आली आणि तो इतिहास त्यांना जिन्यावर बसलेला सापडला. त्यांनी जळका भाग साफ केला, भिंती रंगवल्या, नळ बसवले. तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यांत पुस्तकांचं दुकान आलं, चित्रकारांची कार्यशाळा आली, चिनी कामगारांसाठी काम करणाऱ्या संघटना आल्या. अल रोब्लेस नावाचा कवी तर या म्हाताऱ्यांच्या खोल्यांतूनच वावरायचा. त्यांच्याबरोबर मासा-भात जेवायचा, त्यांच्या आठवणी ऐकायचा आणि त्यांच्यावर कविता लिहायचा. एमिल दे गुझमन हा तरुण भाडेकरू संघटनेचा अध्यक्ष झाला. तो स्वतः तिथेच राहत होता.

मुलांना म्हाताऱ्यांच्या रूपात आजोबा मिळाले, असं म्हणायचा मोह होतो. काही अंशी ते खरंही आहे. पण या माणसांना नुसते गरीब बिचारे म्हातारे समजणं चूक ठरेल. कॅलिफोर्नियाच्या शेतांतले फिलिपिनो मजूर मुळात संपकरी होते. १९६५चा डेलानोचा द्राक्षमळ्यांचा प्रसिद्ध संप लॅरी इटलिआँगच्या नेतृत्वाखाली आधी फिलिपिनो मजुरांनी सुरू केला. पुढे शेतमजुरांचा नेता म्हणून गाजलेला सेझर चावेझ आणि त्याचे मेक्सिकन सोबती त्यानंतर आठवड्याभरानं सामील झाले. संघटना म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांच्या आधी या माणसांना ठाऊक होतं.

१९७३मध्ये इमारत विकली गेली. नवा मालक ‘फोर सीज इन्व्हेस्टमेंट’, थायलंडमधल्या उद्योगपतीची कंपनी. पुन्हा नोटिसा, पुन्हा कोर्ट. कोर्टात मालकाची बाजू सोपी होती, कारण कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न एकच होता: इमारत कोणाची? तिथे कोण किती वर्षं राहिलं, हटवलं तर ते कुठे जातील, हे प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसतच नव्हते. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी मधली वाट काढायचा प्रयत्न केला. सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेनं सक्तीनं इमारत संपादन करायची आणि मग ती भाडेकरूंच्या संघटनेला विकायची. किंमत तेरा लाख डॉलर. पन्नास डॉलर भाडं भरणाऱ्या, तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसांनी तेरा लाख कुठून आणायचे, याचं उत्तर योजनेत नव्हतं. तरीसुद्धा ती झाली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. वेळ मिळाला असता आणि या लढ्यात वेळच हाती हवा होता. कोर्टानं योजना फेटाळली.

मग तो शेरीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी. रिचर्ड हॉन्गिस्टो हा उदारमतवादी म्हणून निवडून आलेला माणूस. भाडेकरूंना बाहेर काढायचा कोर्टाचा हुकूम त्यानं सुरुवातीला बजावला नाही, आणि कोर्टाच्या अवमानाबद्दल पाच दिवस तुरुंगात गेला. शेरीफच तुरुंगात! शहराला त्याचं कौतुक वाटलं. पुढे त्याच वर्षी त्यानं तो हुकूम अमलात आणला.

४ ऑगस्ट १९७७. पहाटे तीनच्या सुमाराला तीन-चारशे पोलीस कार्नीवर आले, काही घोड्यांवर. त्याआधी घरोघरी फोन गेले होते आणि दोन-तीन हजार माणसं हॉटेलभोवती हातात हात गुंफून उभी होती. विद्यार्थी होते, चर्चची माणसं होती, कामगार संघटना होत्या, चायनाटाउनमधले शेजारी होते. पोलिसांनी घोडे आणि लाठ्या घालून साखळी तोडली. अग्निशमन दलाच्या शिड्या लावून काही जण छपरावरून आत उतरले. आत जिन्यांवर आणि बोळांत आणखी माणसं बसली होती, त्यांना एकेक करून उचलून नेलं. खोल्यांची दारं घणांनी फोडली गेली आणि काही महिन्यांपूर्वी जो शेरीफ तुरुंगात गेला होता, त्याच्या स्वतःच्या हातातही घण होता. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आला.

हॉन्गिस्टोबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पाच दिवसांची कैद खोटी नव्हती. दुसऱ्यांदा नकार दिला असता तर पदही गेलं असतं, आणि हुकूम कोणीतरी दुसऱ्यानं बजावला असता. हे सगळं मान्य. पण घण हाती घ्यायची गरज नव्हती. हुकूम बजावणं वेगळं आणि दाराच्या आत म्हातारा बसलाय हे माहीत असताना त्या दारावर स्वतः घाव घालणं वेगळं.

उजाडायच्या आत पन्नासच्यावर भाडेकरू बाहेर आणले गेले. कोणी हाताला धरून, कोणी मुलांच्या खांद्यावर हात टाकून. काहींनी सूट घातला होता, डोक्याला हॅट. सामान खोलीतच राहिलं. पुढच्या काळात ते शहरभर विखुरले. या हॉटेलात एक, त्या हॉटेलात दोन, जिथे भाडं परवडेल तिथे. मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागतं ते हे. खोली गेली तर दुसरी खोली मिळते, पण दोन दिवस दिसला नाहीस तर दार ठोठावणारा शेजारी कुठून आणायचा? पुनर्वसनाच्या कागदांवर माणशी एक खोली मोजली जाते. शेजार मोजायचं एककच नाही. हे अमेरिकेतच घडतं असं नाही. गिरण्या गेल्यावर लालबाग-परळमधून जी माणसं डोंबिवली-विरारच्या पलीकडे फेकली गेली, त्यांतल्या कित्येकांच्या तोंडून मी हेच ऐकलेलं आहे.

पुढे काही वर्षांतच इमारत पाडली. आणि मग तिथे काहीच उभं राहिलं नाही. ज्या जागेसाठी एवढी घाई होती, ती जागा वर्षानुवर्षं खड्डा म्हणून पडून राहिली. भोवती कुंपण, आत साचलेलं पाणी आणि गवत. जुने भाडेकरू, ती मुलं आणि चायनाटाउनमधल्या संस्था यांनी पिच्छा सोडला नाही. इथे जे काही होईल त्यात कमी भाड्याची घरं असलीच पाहिजेत, ही अट त्यांनी शहराच्या गळी उतरवली, त्यामुळे मालकाला मोकळेपणानं बांधता येईना. अखेर १९९४मध्ये जागा सेंट मेरीज या चायनाटाउनमधल्या कॅथलिक चर्चकडे आली, केंद्र सरकारचं अनुदान मिळालं आणि ऑगस्ट २००५मध्ये नवं इंटरनॅशनल हॉटेल उघडलं. वृद्धांसाठी १०४ घरं. शेजारी चर्चची शाळा.

पहाटेच्या त्या धाडीला तेव्हा २८ वर्षं झाली होती. त्या रात्री सत्तर वर्षांचा असलेला माणूस २००५मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांचा झाला असता. बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक सगळे तोवर गेले होते, भाड्याच्या कुठल्या ना कुठल्या खोलीत. त्यामुळे या इमारतीला लढ्याचा विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तिला कमी लेखायचंही धाडस होत नाही. आता तिथे चिनी आजी-आजोबा मोठ्या संख्येनं राहतात. कार्नीवर ती न्हाव्याची दुकानं, ते बिलियर्डचे अड्डे आता नाहीत. मनिलाटाउन म्हणून जे काही उरलंय ते तळमजल्याच्या त्या केंद्रात: भिंतीवर फोटो, कधी कवितावाचन, कधी प्रदर्शन, आणि दरवर्षी ४ ऑगस्टच्या आसपास आठवणीचा कार्यक्रम.

इमारत हरली तरी शहराचे नियम बदलले, याची नोंद मात्र ठळकपणे करायला हवी. १९७७च्या त्या रात्रीनंतर काही वर्षांतच सॅन फ्रान्सिस्कोनं असा कायदा केला की राहत्या हॉटेलांमधल्या खोल्या मालकाला मनाला येईल तेव्हा पर्यटकांसाठी वळवता येणार नाहीत किंवा पाडता येणार नाहीत. तसं करायचं तर परवानगी घ्यायची आणि गेलेल्या खोल्यांची भरपाई करायची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात चायनाटाउनमधल्या बांधकामांच्या उंचीवर मर्यादा आल्या, म्हणून पिरॅमिडच्या इतक्या जवळ असूनही ही वस्ती अजून तीन-चार मजल्यांचीच आहे. ग्रँट आणि स्टॉकटन स्ट्रीटवर दुकानांच्या वर ज्या अरुंद खिडक्या दिसतात, त्यांतल्या कित्येक अशाच आठ बाय दहाच्या खोल्यांच्या आहेत. आता त्यांत एकटे म्हातारे राहतात तशी नव्यानं आलेली कुटुंबंही राहतात, आई, बाप, दोन मुलं, एका खोलीत, मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघराबाहेर रांग लावून. ही चांगली घरं नाहीत. पण महिनाअखेरीला भाडं देता येईल अशी या शहरात उरलेली घरं तीच आहेत, आणि त्यांची दारं फोडायला आज कोणाला कार्नीवरच्यासारखं पहाटे तीन वाजता सहज येता येत नाही.